हातातलं चाक

मंडळी, मोटारीला चाकं किती? चार. डिकीतली स्टेपनी धरली तर पाच. सहावं मात्र कुणी मोजत नाही. ते आपल्या हातात असतं. आज त्या स्टिअरिंगविषयी बोलायचं आहे.

माझ्याकडे जुनी मारुती ८०० होती. १९८३ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती, आणि तिला एअरबॅग नव्हती. एकदा इंडिकेटरचा स्विच बिघडला. तो असतो स्टिअरिंगच्या मागे. म्हटलं, एका नटाचं तर काम! नट काढून टाकला, पण चाक हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ते एकदम सुटलं आणि माझ्या ओठावर आदळलं. परत बसवलं, तर गाडी सरळ आणि चाक तिरपं. शेवटी गॅरेजवाल्या उस्तादांकडे गेलो. सुजलेल्या ओठाकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "काढायच्या आधी खूण केली होती का?"

खूण कशासाठी? स्टिअरिंगच्या दांड्याला टोकाशी बारीक उभ्या खाचा असतात. तशाच खाचा चाकाच्या मधल्या भोकात असतात. दोन्ही एकमेकींत बसतात, वरून नट आवळला जातो. समजा, अशा ३६ खाचा असतील, तर एक खाच चुकली की चाक १० अंशांनी फिरलंच. मग वळण संपल्यावर इंडिकेटरही वेळेवर बंद होत नाही.

आता रीत सांगतो. पुढची चाकं सरळ करून गाडी सपाट जागी उभी करा. किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक उघडं ठेवा. लॉकच्या आधारावर नट ओढला, तर लॉकच मोडेल. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग हॉर्नची टोपी आणि तिची वायर अलगद सोडवा. दुसऱ्या कुणाला तरी चाक घट्ट धरायला सांगा आणि बॉक्स पान्यानं नट सैल करा. दांड्यावर आणि चाकावर समोरासमोर खूण करा. नट पूर्ण काढू नका, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्या. चाक झटक्यानं सुटलं तरी नट त्याला अडवील. ओठ वाचेल! हातानं हलवून निघालं नाही, तर पुलर लावा. दांड्यावर हातोडी कधीच मारू नका. आटे बिघडतात. शिवाय अनेक गाड्यांत हा दांडा अपघाताच्या वेळी आत दबावा, चालकाच्या छातीत घुसू नये, अशा बेतानं केलेला असतो. हातोडीचे घाव ती सोयच बिघडवू शकतात.

बसवताना खुणेला खूण जुळवा. नट आधी हातानं फिरवा, मग टॉर्क पान्यानं कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मापाइतका आवळा. अंदाजानं नको. सैल राहिला तर चालत्या गाडीत चाक हातात येईल. नंतर हॉर्न, दोन्ही इंडिकेटर आणि दोन्हीकडचं पूर्ण वळण तपासा. मोकळ्या मैदानात सावकाश एक फेरी मारा, मगच रस्त्यावर या.

आणखी एक गोष्ट. कुणी हात लावलेला नसताना चाक तिरपं दिसू लागलं, तर ते काढून खाच बदलू नका. दोष बहुधा खालच्या चाकांच्या अलाइनमेंटमध्ये असतो. तो तिथेच दुरुस्त करून घ्यावा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. ती याच चाकाच्या पोटात असते आणि पापणी लवायच्या आत फुगते. बॅटरी काढली तरी यंत्रणेत काही काळ वीज शिल्लक राहते. चुकून ती उडाली, तर समोरच्याला गंभीर इजा होते. चाकामागची गुंडाळीची वायर चुकीच्या जागी फिरली, तर पुढे तुटते, आणि ऐन अपघातात एअरबॅग उघडतच नाही. म्हणून एअरबॅगची गाडी असेल, तर हे काम घरी करू नका. ते शिकलेल्या कारागिराकडेच द्या.

उस्तादांनी माझं चाक दहा मिनिटांत सरळ केलं. पैसे घेतले नाहीत. खिशातला खडू मात्र माझ्या हातावर ठेवला.