पुस्तक शेठचं, शब्द कुणाचे? शब्दांकनाचं काम असं चालतं

पुस्तकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'शब्दांकन' असा एक शब्द छापलेला असतो, त्यापुढे एक नाव. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात. मीही जायचो. चार वर्षांपूर्वी असं एक काम माझ्याच वाट्याला आलं, तेव्हापासून कुठल्याही उद्योजकाचं पुस्तक हातात आलं की आधी ते पान बघतो.

विठ्ठल कामत यांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. गोष्ट कामतांची, शब्दांकन शोभा बोंद्रे यांचं. कलाम साहेबांचं 'अग्निपंख' ज्या इंग्रजी पुस्तकावरून मराठीत आलं, ते १९९९ चं पुस्तक त्यांनी अरुण तिवारी यांच्यासोबत लिहिलं. सचिन तेंडुलकरच्या २०१४ च्या आत्मचरित्राला बोरिया मजुमदार यांचा हात होता. म्हणजे यात लपवण्यासारखं काही नाही. ज्याने आयुष्य धंद्यात किंवा मैदानात घालवलं त्याला तीनशे पानं लिहायला येतीलच असं नाही, आणि त्याला तेवढा वेळही नसतो.

इंग्रजीत या माणसाला घोस्टरायटर म्हणतात, म्हणजे शब्दशः भूतलेखक. पारावर हा शब्द सांगितला तर दहा मिनिटं हसण्यात जातात. पण अर्थ बरोबर आहे, काम करणारा दिसत नाही. नायकी या बूट कंपनीचे संस्थापक फिल नाईट यांचं 'शू डॉग' २०१६ मध्ये आलं. त्यांना जे. आर. मोहरिंगर या पत्रकार-लेखकाची मदत झाली, पण मुखपृष्ठावर नाव फक्त नाईट यांचं. त्याच मोहरिंगर यांनी पुढे इंग्लंडच्या राजपुत्र हॅरीचं पुस्तकही लिहून दिलं.

आता काम कसं चालतं ते सांगतो. लोकांना वाटतं, शेठ बोलतो आणि लेखक उतरवून घेतो. तसं असतं तर मोबाईलनेच पुस्तक लिहिलं असतं. अडचण अशी की यशस्वी माणसाची एक ठरलेली कॅसेट असते. सत्काराच्या भाषणात शंभर वेळा वाजलेली. माझं पुस्तक एका खत-बियाण्यांच्या व्यापाऱ्याचं होतं, पंचाहत्तरीनिमित्त. पहिल्या तीन बैठकांत मला फक्त "कष्ट केले, देवाची कृपा, ग्राहकांचा आशीर्वाद" एवढंच मिळालं. चौथ्या वेळी मी प्रश्न विचारणंच बंद केलं आणि म्हटलं, "अण्णा, दुकानाची सगळ्यात जुनी उधारीची वही दाखवा." लाल कापडाची वही निघाली. एकेका नावावर बोट ठेवत ते दोन तास बोलले. कोणाची उधारी सोडली, कोणाच्या बैलाला जप्तीपासून वाचवलं, बहात्तरच्या दुष्काळात स्वतः खडी फोडायला जायचे तेव्हा रात्री काय खायचे, सगळं. पुस्तकाचा निम्मा जीव त्या वहीतून आला. माणसाला "तेव्हा काय वाटलं" विचारू नये, पावती, फोटो, सातबारा पुढे ठेवावा.

मग पडताळणी. सांगणारा साल चुकवतो, मुद्दाम नाही, पण चुकवतो. बँकेचं कर्जपत्र काढलं तर दुकान सांगितल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा सुरू झालेलं निघालं. रेकॉर्डिंग उतरवायला आता ॲप आहेत, पण आपलं "व्हतं-नव्हतं, तिकडं-हिकडं" त्यांना धड कळत नाही. मी वही-पेनवरच भागवलं. लिहिताना सगळ्यात जड काम म्हणजे आवाज सांभाळणं. वाक्य माझं असलं तरी वाचणाऱ्याला अण्णाच बोलतायत असं वाटलं पाहिजे.

शेठ बसतच नसेल तर? डोनाल्ड ट्रम्प यांचं 'द आर्ट ऑफ द डील' १९८७ मध्ये आलं. लेखक टोनी श्वार्त्झ यांनी नंतर सांगितलं की ट्रम्प मुलाखतीला शांत बसायचेच नाहीत. शेवटी त्यांच्या परवानगीने श्वार्त्झ ऑफिसात बसून त्यांचे फोन ऐकायचे आणि त्यातून पुस्तक उभं केलं. मानधन आणि रॉयल्टी निम्मी-निम्मी, मुखपृष्ठावर नावही. व्यवहार म्हणून सोन्यासारखा. पण २०१६ मध्ये ट्रम्प निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा आपण त्या माणसाला पुस्तकात होता त्यापेक्षा चांगला दाखवला याचा पस्तावा होतो, असं श्वार्त्झ यांनी जाहीरपणे सांगितलं. उलट क्रायस्लर मोटार कंपनीचे ली आयकोका यांचं १९८४ चं आत्मचरित्र अमेरिकेत सलग दोन वर्षं कथा-कादंबऱ्या सोडून बाकीच्या पुस्तकांत सर्वाधिक खपलं. लेखक विल्यम नोव्हाक यांना मात्र एकरकमी पैसे ठरले होते, खपावर वाटा नव्हता.

या धंद्यातली मोठी लढाई मात्र जनरल मोटर्सच्या पुस्तकावर झाली. कंपनी जगातली सगळ्यात मोठी करणारे आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत 'फॉर्च्युन' मासिकाचे जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९५४ च्या सुमारास काम सुरू केलं. १९५९ ला पुस्तक तयार. तेवढ्यात कंपनीचे वकील आडवे आले. सरकार मक्तेदारीचा खटला घालेल, त्यात हेच पुस्तक पुरावा म्हणून वापरलं जाईल, अशी त्यांना भीती. छपाई थांबली. स्लोन स्वतः कंपनीविरुद्ध जायला तयार नव्हते. मग मॅकडोनाल्ड यांनी १९६२ मध्ये जनरल मोटर्सवर दावा ठोकला. एकटा लेखक आणि समोर एवढी कंपनी, पण कंपनीला तडजोड करावी लागली. १९६४ च्या जानेवारीत पुस्तक बाजारात आलं, तेव्हा स्लोन ८८ वर्षांचे होते. बिल गेट्स यांनीही पुढे या पुस्तकाची तोंडभरून स्तुती केली. मॅकडोनाल्ड यांनी ही सगळी हकिगत वेगळ्या पुस्तकात लिहून ठेवली, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

माझ्याकडे मॅकडोनाल्डसारखी हिंमत नव्हती, आणि कागद तर नव्हताच. सगळं बांधावर उभं राहून तोंडी ठरलेलं. अण्णांनी मला सांगितलं होतं की दुकानाच्या डिपॉझिटसाठी थोरल्या भावाने स्वतःच्या वाट्याची दोन एकर विकली. मी ते प्रकरण मन लावून लिहिलं. मुलगा म्हणाला, "वाटणीची केस चालू आहे, हे काढा." अण्णा खाली बघत बसले. मी काढलं. प्रकाशनाच्या दिवशी भाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. आठवड्याने त्यांचा फोन आला, "माझं नाव कंच्या पानावर हाय?" मी काही बोलू शकलो नाही. माझं नावही त्या पुस्तकात नाही आणि ठरल्यातले निम्मे पैसे अजून यायचेत. पण पैशाचं मी विसरलोही असतो.

तालुक्यात आता शिक्षक, पत्रकार, शिकलेल्या पोरी, बरेच जण अशी कामं घेतात. संस्थापकाची पंचाहत्तरी, कारखान्याची स्मरणिका, सरपंचांचं चरित्र. त्यांच्यासाठी कायद्याचं थोडं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. तुम्ही पगारी नोकर म्हणून नोकरीचाच भाग म्हणून लिहिलं, तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा (कलम १७). बाहेरून काम घेतलं असेल तर हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत (कलम १९). आणि हक्क विकला तरी 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ ने राखलाय. नाव छापणार का, छापलं तर 'शब्दांकन' म्हणून की 'सहलेखक', पैसे किती टप्प्यांत, रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार आणि काम मध्येच थांबलं तर काय, हे पहिल्या बैठकीच्या आधी कागदावर घ्या. नंतर मागायला तोंड होत नाही.

मला यंदा दुसरं काम आलंय, एका दूध व्यावसायिकाचं. या वेळी बाँड पेपरवर लिहून नेलं. त्यात एक अट अशी, की मदत करणाऱ्या माणसाचा उल्लेख मजकुरातून गाळायचा असेल तर आधी मला लेखी कळवायचं, आणि मला पटलं नाही तर माझं नाव पुस्तकातून काढून घ्यायची मुभा, पैसे मात्र पूर्ण. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हणजे माझ्याच पुस्तकात मला चोरी?" मी म्हटलं, "चोरी नाही दादा, फक्त माझी सही नसेल." थोडा वेळ गेला, चहा आला, मग सही झाली. कांदा काढून झाला की पहिली बैठक आहे. डेअरीची पहिली दूध-पावती शोधून ठेवा असं सांगून आलोय.