कांद्याला खरा भाव मिळाला किती?

मुलांनो, तुम्ही बेल्ह्याचे असा नाहीतर आण्याच्या पठारावरचे, कांद्याची पट्टी घरात पाहिली असेलच. बराखीतला कांदा निवडायचा, पिशव्या भरायच्या, गाडी आळेफाट्याच्या बाजारात न्यायची. लिलाव झाला की आडत्याकडून एक कागद मिळतो, तीच पट्टी. त्यावर वजन, भाव, रक्कम, हमाली, तोलाई असं सगळं असतं. पण घरात सगळ्यांचं लक्ष तळाच्या आकड्यावर! आज आपण वरच्या आकड्यांना बोलतं करू या.

समजा, गाडीत चार प्रतींचा कांदा होता. आपल्याकडे भाव दहा किलोवर निघतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गोळा १२०० किलो, भाव १८० रुपये. सुपर ९०० किलो, १५० रुपये. गोल्टी ४०० किलो, ९० रुपये. बदला १५० किलो, ४० रुपये. (हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत.) आता सांगा, सरासरी भाव किती मिळाला? उत्तर मनात धरून ठेवा.

शाळेच्या संगणकावर एक्सेल उघडा. उभे रकाने ए, बी, सी, डी. आडव्या ओळी १, २, ३. त्यामुळे प्रत्येक चौकोनाला स्वतःचा पत्ता मिळतो, जसं की बी२. पहिली ओळ नावांसाठी ठेवा. दुसऱ्या ओळीपासून एमध्ये प्रत, बीमध्ये वजन, सीमध्ये भाव भरा. मग डी२मध्ये इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करा: =बी२*सी२/१०. एंटर दाबा. २१,६०० आले!

आता खरी गंमत. पुन्हा डी२वर क्लिक करा, त्याच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका माउसने पकडा आणि खाली डी५पर्यंत ओढा. उरलेल्या तिन्ही रकमा हजर! डी३वर क्लिक करून पाहा, तिथे =बी३*सी३/१० लिहिलेलं दिसेल. बी३ तर तुम्ही लिहिलंच नव्हतं. पण संगणकाने तुमचं सूत्र असं समजून घेतलं होतं: ‘डावीकडच्या दोन घरांचा गुणाकार करा, दहाने भागा.’ ओळ बदलली, तरी नियम तोच राहिला.

म्हणजे डी२मध्ये नुसता आकडा नाही, नियम राहतो. गोळ्याचा भाव १८०च्या जागी २०० करा. रक्कम आपोआप २४,००० होते. खोडरबर नको, पुन्हा गुणाकार नको. असा तक्ता संगणकावर करावा असं डॅन ब्रिकलिनला सुचलं, तेव्हा तो अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकत होता. वर्गात फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडला जाई आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या मदतीने त्याने ‘व्हिजिकॅल्क’ बनवलं आणि १९७९मध्ये ते अ‍ॅपल २ संगणकावर आलं. एक्सेल १९८५चं. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात! आपल्याला पाच पुरतात.

भाव परत १८० करा आणि आपल्या प्रश्नाकडे वळा. चार भावांची बेरीज ४६०, भागिले चार, म्हणजे ११५. तुम्हीही हेच धरलं होतं ना? एक्सेलचं ‘अ‍ॅव्हरेज’ सूत्रही ११५च सांगेल. पण डी रकान्याची ‘सम’ने बेरीज करा: ३९,३०० रुपये. बीची बेरीज २,६५० किलो. रकमेला वजनाने भागून दहाने गुणा. १४८ रुपये ३० पैसे! ११५ने हिशेब केला असता तर आपण ८,८२५ रुपये कमी धरले असते. कारण अगदी साधं आहे. नुसत्या सरासरीत १५० किलो बदल्याला १२०० किलो गोळ्याएवढाच मान मिळाला. सरासरी काढताना वजन विसरायचं नाही.

आता रंगीत काम. वजनाचा एक गोल आलेख काढा, रकमेचा दुसरा. (असा आलेख विल्यम प्लेफेअरने १८०१मध्ये छापला होता.) वजनात गोळ्याची फोड ४५ टक्के, पैशांत ५५! बदल्याची वजनात जवळपास सहा टक्के, पैशांत जेमतेम दीड. निवडताना घरातली मोठी माणसं इतका वेळ का घालवतात, ते या दोन चित्रांत लगेच कळतं.

एक सांभाळा. भावाच्या चौकोनात ‘१८० रुपये’ असं लिहू नका, नुसते १८० लिहा. अक्षरं आली की संगणक त्याला मजकूर समजतो आणि गुणाकार अडतो. आणि १८०च्या जागी चुकून १८०० लिहिलंत तर तो निमूटपणे तेच धरून हिशेब करेल. म्हणून पट्टीशी प्रत्येक आकडा ताडून बघा.

घरी संगणक नसेल तरी अडणार नाही. मोबाइलवर गूगल शीट्स फुकट चालतं, संगणकावर लिब्रेऑफिस कॅल्कही फुकटच. पुढची पट्टी घरी आली की ती मागून घ्या, आणि हमाली-तोलाई वजा करून दहा किलोला हातात खरे किती पडले, ते घरच्यांना काढून दाखवा.