दाढ दुधाची नव्हती : रोजच्या सवयी आणि दातांची कीड

रविवार, त्यात मेगाब्लॉक, तरी आपण एवढ्या संख्येने मुलुंडला आलात, त्याबद्दल आभार.

आम्ही दातांचे डॉक्टर. एक प्रसंग सांगून सुरुवात करतो. सात वर्षांच्या मुलीला घेऊन आई आली. खालची मागची दाढ काळी पडलेली, आतपर्यंत पोखरलेली. आई म्हणाली, "दुधाचीच आहे ना डॉक्टर, पडेल की!" ती दाढ दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती यायला कुठलाच दात पडावा लागत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि ती जन्मभर पुरवायची असते.

आता कीड म्हणजे काय ते पाहू. दातात अळी वगैरे काही नसते. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. आपण गोड खाल्लं की हे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली, दंतवल्कातली, खनिजे विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि खनिजे परत भरते. याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला.

म्हणजे साखर किती खाल्ली याइतकंच महत्त्वाचं, ती किती वेळा खाल्ली. आपलाच दिवस बघा. सकाळी चहा-बिस्किट. ऑफिसात पोचल्यावर कटिंग. अकराला पुन्हा एक. जेवणानंतर चॉकलेट. चारला चहा-खारी. घरी आल्यावर परत चहा. झाले सहा वेळा. प्रत्येकी अर्धा तास धरला तरी तीन तास दात आम्लात! त्यापेक्षा जेवणातच पुरणपोळी खाल्लेली परवडली, कारण तो एकच हल्ला. म्हणून गोड खायचं तर जेवणासोबत खा. मधला एखादा चहा बिनसाखरेचा घ्या. काही खाल्लं की पाण्याने खळखळून चूळ भरा. ही आपल्या घरातली जुनीच सवय, ऑफिसातही चालते.

आता सांगा, सकाळी दात कोण कोण घासतं? सगळे हात वर. रात्री? बघा, निम्मे हात खाली आले. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दातात अडकलेल्या कणांवर जंतूंना रात्रभर मोकळं रान मिळतं. एक वेळ सकाळी घाई झाली तर झाली, रात्रीचं घासणं चुकवू नका. तान्ह्या बाळाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नका, तेही याच कारणासाठी.

पेस्ट कोणती, असं सगळे विचारतात. ब्रँड कुठलाही असो, त्यात फ्लोराइड आहे का ते वाचा. फ्लोराइडमुळे दंतवल्क आम्लाला जास्त दाद देत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतकं जास्त की दातांवर डाग पडतात. आपल्याकडे उलट. भातसा, तानसा, वैतरणा हे तलाव पावसाच्या पाण्याने भरतात, त्यात फ्लोराइड अगदी थोडं. म्हणून आपल्याला ते पेस्टमधूनच घ्यायला हवं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ब्रश झाल्यावर फक्त थुंका. तेव्हा मात्र चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड वाहून जाईल. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत.

एक प्रश्न आला आहे : "आमची आजी मिश्री लावायची, ऐंशीव्या वर्षीही तिचे दात शाबूत होते. मग?" आजीच्या काळी दिवसातून सहा वेळा गोड कुठे मिळत होतं? दात टिकले ते त्यामुळे, मिश्रीमुळे नव्हे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. आपल्याच लाइनवर, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. दुखायची वाट पाहू नका. दात दुखू लागतो तोवर कीड बरीच खोल गेलेली असते, आणि मग साध्या फिलिंगवर भागत नाही.

आज घरी गेलात की एक करा. सहा-सात वर्षांचं मूल असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून त्याची सगळ्यात मागची दाढ बघा. तिच्या खाचा खोल असतील तर डॉक्टरांकडून त्या सीलंटने बुजवून घेता येतात. त्या मुलीची दाढ आम्ही कशीबशी वाचवली. पण वर्षभर आधी ती कुणी पाहिली असती, तर त्या पोरीला खुर्चीत रडावं लागलं नसतं.