इंग्रजीतील मालकीदर्शक शब्द : मालक कोण आणि वस्तू कोणती?



बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असल्याने प्रकल्प अहवाल तपासणे हे माझे दर सत्राचे काम आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या अहवालात एक वाक्य अधूनमधून भेटते : 'द मोटर वॉज स्टार्टेड अँड हर स्पीड वॉज मेजर्ड.' मोजमाप अचूक, आलेख सुबक, पण मोटर मात्र बाई झालेली. मराठीत आपण 'ती मोटर, तिचा वेग' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'हर' उतरले. अशा चुका नियम पाठ करून जात नाहीत. आपली भाषा काय करते हे आधी पाहिले, तर त्या जातात.

१. मराठी शब्दाचे दोन भाग

'तिचा' हा शब्द फोडून पाहा. 'ति' हा भाग मालकाविषयी सांगतो, तर षष्ठीचा 'चा' हा प्रत्यय वस्तूविषयी सांगतो. म्हणून तिचा भाऊ, तिची वही, तिचे घर. मालक पुरुष असेल तर त्याचा भाऊ, त्याची वही, त्याचे घर. हिंदीतील 'उसका, उसकी' या शब्दांत मालकाचे लिंग कळत नाही, फक्त वस्तूचे कळते. इंग्रजीत नेमके उलट आहे. तेथे फक्त मालक दिसतो : 'हर ब्रदर, हर नोटबुक, हर हाउस'. वस्तू बदलली, एकाची अनेक झाली, तरी शब्द तोच राहतो.

म्हणून पहिला नियम असा : मराठी शब्दाचा पुढचा भाग घ्या, प्रत्यय सोडून द्या. 'ति' म्हणजे 'हर'. 'त्या' म्हणजे 'हिज', पण येथे एक अडचण आहे.

२. 'त्याचा' म्हणजे 'हिज' की 'इट्स'?

मराठीत पुल्लिंग आणि नपुंसकलिंग या दोघांनाही 'त्याचा' चालतो : तो पंप, त्याचा दाब, ते यंत्र, त्याचा आवाज. जुन्या इंग्रजीतही असेच होते. 'हिज' हे रूप दोन्हीकडे वापरत. 'इट्स' हा शब्द फार उशिरा आला. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये तो नव्हता. आजच्या इंग्रजीत मात्र वाटणी स्पष्ट आहे. 'हिज' आणि 'हर' माणसांसाठी, तसेच आपण ज्यांना नर-मादी म्हणून ओळखतो त्या प्राण्यांसाठी. यंत्र, संस्था, पदार्थ यांसाठी 'इट्स'. मोटर, पंप, यंत्र या तिघांचीही मराठी लिंगे वेगळी आहेत, पण इंग्रजीत तिघांनाही 'इट्स'च लागेल.

येथे अपॉस्ट्रॉफीची चूक फार होते. 'रवीज रिपोर्ट' लिहिताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी येते, म्हणून मुले मालकीच्या 'इट्स'मध्येही ती घालतात. पूर्वी इंग्रज लेखकही घालत असत. आजचा संकेत असा की 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांप्रमाणेच मालकीच्या 'इट्स'लाही अपॉस्ट्रॉफी नाही. टी आणि एस यांच्यामध्ये ती दिसली तर तो 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचा संक्षेप समजावा. शंका आली की 'इट इज' असे पूर्ण वाचून पाहा. अर्थ लागला तरच अपॉस्ट्रॉफी ठेवा.

३. 'माय' आणि 'माइन'

'हे माझे पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझे आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीत 'माझे' हाच शब्द आहे. इंग्रजीत पुढे नाम असेल तर 'माय' आणि नसेल तर 'माइन' : 'धिस इज माय बुक', पण 'धिस बुक इज माइन'. याच जोड्या पुढे चालतात : युअर-युअर्स, हर-हर्स, अवर-अवर्स, देअर-देअर्स. 'हिज' दोन्ही जागी तसाच राहतो.

तुम्ही कर्नाटकात शिकत असाल तर शेजारच्या बाकावरच्या कन्नड मित्राचे बोलणे ऐका. तो 'नन्न पुस्तक' म्हणतो, पण 'ई पुस्तक नन्नदु' म्हणतो. नाम मागे गेले की शब्दाचे रूप बदलते. शिवाय भाऊ असो वा बहीण, 'नन्न' बदलत नाही. 'माय-माइन'चा फरक त्याच्या घरच्या भाषेतच आहे. आपल्याला तो मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.

'माझा एक मित्र' याचे 'माय वन फ्रेंड' करू नका. 'अ फ्रेंड ऑफ माइन' किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स' म्हणा.

४. आदराचे 'त्यांचा'

'मॅडम त्यांची बॅग विसरल्या.' येथे आदरामुळे अनेकवचन आले आणि मालकाचे लिंग झाकले गेले. मग मुले 'देअर बॅग' लिहितात आणि बॅग अनेकांची वाटू लागते. इंग्रजीत हा आदर सर्वनामात दाखवत नाहीत. 'मॅडम फरगॉट हर बॅग' यात मॅडमचा कसलाही अवमान नाही.

५. 'आपला' : इंग्रजीत नसलेली सोय

महाराष्ट्र शासनाच्या सेवा पोर्टलचे नाव 'आपले सरकार' आहे. 'आमचे सरकार' म्हटले असते तर वाचणारा बाहेर राहिला असता. इंग्रजी 'अवर' हा फरक करत नाही. बंगळूरच्या 'नम्म मेट्रो'तला 'नम्म'ही करत नाही.

'आपला'चे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. कारखान्यात दुरुस्ती चालू असताना प्रत्येक कामगार यंत्राच्या मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावतो. ज्याने लावले त्यानेच ते काढायचे असते. एका गटाने सूचनाफलकासाठी लिहिले : 'व्हेन द हेल्पर फिनिशेस, द ऑपरेटर शुड रिमूव्ह हिज लॉक.' कोणाचे कुलूप? मी वर्गात विचारले तेव्हा दोन्ही उत्तरे आली. मराठीत 'ऑपरेटरने आपले कुलूप काढावे' आणि 'त्याचे कुलूप काढावे' यांत गोंधळ नाही. इंग्रजी 'हिज' दोन्ही अर्थ पोटात ठेवतो. वाचणाऱ्याने हेल्परचे कुलूप काढले आणि हेल्परचा हात अजून यंत्रात असला, तर ती चूक व्याकरणापुरती राहणार नाही.

उपाय दोन आहेत. 'हिज ओन लॉक' असे लिहा, नाहीतर नामच पुन्हा घ्या : 'द ऑपरेटर्स लॉक'. दुसरा उपाय अधिक चांगला, कारण ऑपरेटर स्त्रीही असू शकते. सूचना लिहिताना शब्दाची पुनरुक्ती हा दोष नाही.

स्वाध्याय

अ) गाळलेला शब्द भरा.
१) द पंप लॉस्ट ___ प्रेशर.
२) दॅट कॅल्क्युलेटर इज ___. (मालक : मी)
३) द प्रिन्सिपल साइन्ड ___ नेम. (प्रिन्सिपल : स्त्री)

आ) संदिग्धता काढून वाक्य पुन्हा लिहा : 'रवी टोल्ड समीर दॅट हिज रिपोर्ट वॉज लेट.'

उत्तरे : अ) इट्स (अपॉस्ट्रॉफीशिवाय), माइन, हर. आ) अहवाल समीरचा असल्यास 'रवी टोल्ड समीर दॅट समीर्स रिपोर्ट वॉज लेट'. तो रवीचा असल्यास काय लिहाल, ते स्वतः ठरवा. नंतर तुमच्या शेवटच्या अहवालातील प्रत्येक 'हिज', 'हर' आणि 'इट्स' यांच्याखाली रेघ मारा आणि मालक कोण, ते समासात लिहा. जेथे लिहिता येणार नाही, ते वाक्य बदला.