मांजराचें पथ्य आणि मांजराची लस



मांजर हा विषय आपल्या भाषेला नवा नाहीं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची उपमा आपण लबाडाला देतों, आणि त्याच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी हा प्रश्न सभांतून अजूनहि ऐकूं येतो. परंतु मांजरानें खावें काय आणि त्याला लस टोंचावी कीं नाहीं, हे प्रश्न आपल्या आजीच्या काळीं फारसे कोणास पडले नव्हते. नांदेड-लातूरसारख्या शहरांत वाड्यांच्या जागीं सदनिका आल्या, ओट्यावरचें मांजर दिवाणखान्यांत आलें, आणि हे प्रश्न निकडीचे झाले.

अशा घरांतून अलीकडे एक मत ऐकूं येतें. त्याला समग्र किंवा नैसर्गिक संगोपन असें नांव आहे. रोग तेवढा न पाहतां सबंध प्राणी पाहावा, त्याचा आहार, विहार आणि स्वभाव ध्यानांत घ्यावा, हें त्याचें मूळ सूत्र. त्यावर वाद असण्याचें कारण नाहीं. मात्र या सूत्राबरोबर आणखी कित्येक कलमें चिकटून येतात. विकतचें खाद्य कृत्रिम म्हणून टाळावें, मांस कच्चेंच द्यावें, लशींऐवजीं होमिओपॅथीच्या गोळ्या द्याव्या, जंतांवर लसूण द्यावी, इत्यादि. हीं कलमें एकगठ्ठा स्वीकारणें जसें चुकीचें, तसेंच एकगठ्ठा झिडकारणेंहि. प्रत्येक कलम निराळें काढून तोललें पाहिजे.

प्रथम आहार घेऊं. आपल्याकडील मांजराचा परंपरागत आहार म्हणजे दूधपोळी किंवा दूधभाकरी. "आमचीं मांजरें पिढ्यान्‌पिढ्या यावरच जगलीं," असें पुष्कळजण सांगतात. हें अर्धेंच खरें आहे. लातूरच्या आडत बाजारांत तुरीच्या पोत्यांमागें, अथवा नांदेडच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मांजर रात्रभर काय करीत असे, हें त्यांत सांगितलेलें नसतें. दूधपोळी ही त्याची न्याहारी होती. जेवण तें स्वतः मिळवीत असे. आज तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावलेल्या घरांत उंदीर उरला नाहीं, पोळी तेवढी उरली.

उंदरांत असें काय होतें, जें पोळींत नाहीं? मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य इतर बहुतेक प्राणी आपल्या शरीरांत पुरेसें तयार करतात. मांजराला तें साधत नाहीं, मांसांतूनच घ्यावें लागतें. १९७५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं असें दाखविलें कीं, केसीन म्हणजे दुधांतील प्रथिन, हेंच ज्या मांजरांच्या आहारांतील प्रथिन होतें, त्यांच्या डोळ्यांतील पडदा टॉरिनच्या अभावीं झिजत गेला. म्हणजे दुधानें मांजर पोसतें ही आपली समजूतच येथें कसोटीस लागली. गाजरांतील रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व करण्याची शक्तीहि मांजराला नाहीं. शिवाय वाढत्या वयाबरोबर पुष्कळ मांजरांना दुधांतील साखर पचेनाशी होते आणि हगवण लागते.

तर मग विकतचें खाद्य निर्दोष आहे काय? तसेंहि नाहीं. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांना असें आढळलें कीं, विकतचें खाद्य खाणाऱ्या मांजरांनासुद्धां टॉरिनच्या कमतरतेमुळें हृदय पसरण्याचा घातक विकार होत होता. टॉरिन दिल्यावर त्यांतील कित्येकांचीं हृदयें सुधारलीं. तेव्हांपासून खाद्यांत टॉरिन अधिक घालूं लागले. आज अमेरिकेंतील प्रमाणानुसार एक किलो कोरड्या खाद्यांत तें निदान १ ग्रॅम असावें लागतें. विकतच्या खाद्यावर शंका घेणारांचा संशय एके काळीं खरा ठरला, पण तो दोष मोजमापानेंच सांपडला आणि मोजमापानेंच दूर झाला.

घरचें अन्न देऊंच नये असें नव्हे. मात्र तें नीट शिजविलेल्या मांसावर आधारलेलें असावें. शिजवितांना टॉरिन पाण्यांत उतरतें, म्हणून तें पाणी फेंकूं नये. आणि त्यांत मीठ, कांदा, लसूण घालूं नये. नुसत्या मांसांत चुना फार कमी असतो आणि त्यामुळें हाडें ठिसूळ होतात. म्हणून पूरक द्रव्यांचें प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावें. ज्या घरांत मांस येत नाहीं, त्यांनीं पाकिटावर "संपूर्ण व संतुलित" असें लिहिलेलें मांजराचें खाद्य आणावें. आपलें व्रत आपण पाळावें. तें मांजरावर लादूं नये.

आतां कच्च्या मांसाचें कलम. निसर्गांत मांजर कच्चेंच खातें, हें खरें. परंतु तें तत्काळ मारलेला उंदीर खातें. बाजारांतील कोंबडी निराळी. हा प्रश्न आपल्या दारांत येऊन ठेपला आहे. जानेवारी २०२५ मध्यें लातूर जिल्ह्यांतील उदगीर शहरांत पन्नासाच्या आसपास कावळे मरून पडले. तपासणींत बर्ड फ्ल्यूचा विषाणु सांपडला. त्याच महिन्यांत नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील किवळा गांवीं कोंबडीच्या पिलांत तोच रोग ठरला. आणि त्याच महिन्यांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा येथें पाळीव मांजरांतहि हा विषाणु आढळला. मांजराला हा रोग बहुधा प्राणघातक ठरतो. गोठविल्यानें विषाणु मरत नाहीं. अमेरिकेंत ऑरेगन राज्यांत डिसेंबर २०२४ मध्यें गोठवलेलें कच्चें मांस खाऊन एक घरांतलें मांजर दगावलें. सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत आंतून शिजलेल्या मांसांत मात्र तो टिकत नाहीं. मेलेला पक्षी मांजराला हुंगूं देऊं नये आणि आपणहि उघड्या हातानें उचलूं नये.

घरगुती औषधांविषयीं थोडक्यांत सांगतों. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. जंतांवर लसूण म्हणजे रोगापेक्षां उपाय जालीम. मांजराच्या यकृताला कित्येक द्रव्यें निकामी करून बाहेर टाकतां येत नाहींत. म्हणूनच आपण तापावर सहज घेतों ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊं शकते, आणि सुगंधी तेलें त्याच्या कातडीस चोळणेंहि धोक्याचें ठरतें. वनस्पतिजन्य तें सौम्य, हा नियम येथें लागू पडत नाहीं.

शेवटीं लस. मांजराच्या मुख्य लशीनें तीन रोगांपासून बचाव होतो: पॅनल्युकोपेनिया, म्हणजे आंतडीं व पांढऱ्या पेशी यांचा नाश करणारा रोग, आणि नाकाडोळ्यांतून पाणी आणणारे दोन विषाणु. यांपैकीं पहिला विषाणु घरांत महिनोन्‌महिने तग धरतो आणि आपल्या पादत्राणांबरोबर आंत येतो. म्हणून "आमचें मांजर बाहेर जात नाहीं" हा युक्तिवाद अपुरा आहे. पिलाला आईकडून मिळालेलें संरक्षण लशीचें काम कांहीं काळ हाणून पाडतें. तें केव्हां ओसरेल हें आधीं सांगतां येत नाहीं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनीं, वय सोळा आठवडे होईपर्यंत, लस पुन्हां द्यावी लागते. होमिओपॅथीच्या ज्या गोळ्यांना लशीचा पर्याय म्हणतात, त्यांत शरीराला रोगाची ओळख पटविणारें द्रव्यच उरलेलें नसतें. त्यांनीं रोग टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

लशी कमी कराव्या, या म्हणण्यांत मात्र तथ्य आहे. पॅनल्युकोपेनियाची लस प्रौढ मांजराला दरवर्षीं लागत नाहीं. तीन वर्षांनीं एकदां पुरे, असें लहान प्राण्यांच्या जागतिक पशुवैद्यक संघटनेचें मार्गदर्शन आहे. टोंचल्या जागीं क्वचित् गांठ होऊन ती कर्करोगाची निघते, हेंहि १९९१ पासून ज्ञात आहे. असा प्रकार हजारों टोंचण्यांत एखादा. गांठ तीन महिन्यांनंतरहि राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, अथवा एक महिन्यानंतर वाढूं लागली, तर पशुवैद्याला दाखवावी. तेव्हां पशुवैद्याला "कोणती लस, कां, आणि किती काळासाठीं?" असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे.

रेबीजच्या बाबतींत मात्र सवलत नाहीं. आपल्या देशांत हा रोग वावरत आहे, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य किंवा मांजर बहुधा वांचत नाहीं. ही लस पशुवैद्य सांगेल त्या मुदतींत दिलीच पाहिजे. कारण येथें केवळ मांजराचा प्रश्न नसून त्याच्याशीं खेळणाऱ्या मुलाचा आहे. मांजर चावलें किंवा त्यानें ओरखडलें, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. हळद-चुना लावून बसूं नये.

सबंध प्राणी पाहावा, हें सूत्र आपण आरंभीं मान्य केलें. त्या सबंधपणांत मांजराचे दांत येतात, त्याचें यकृत येतें, उदगीरच्या आकाशांतले कावळे येतात आणि घरांतलें लहान मूलहि येतें. यांपैकीं कांहीं वगळून जें उरतें, त्याला समग्र म्हणतां येणार नाहीं. उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. शंका असेल, तर ती तेथें विचारावी, आणि उत्तर मिळेपर्यंत कोंबडी नीट शिजवून घालावी.