पावसात हरलेला सामना

फुटबॉलचा सामना पावसात झाला आणि आपला संघ हरला, की घरी परतणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडून तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "पाऊस नसता तर आपणच जिंकलो असतो." दुसरे, "त्या गोलकीपरने घात केला." आणि तिसरे, "पंचाने सामना थांबवायलाच हवा होता." आपणही कधी ना कधी यांतले एखादे वाक्य बोलला असाल. रागाच्या भरातले बोलणे फार मनावर घेऊ नये, हे खरे. पण शाळेच्या सामन्यात दुसरे वाक्य चौदा वर्षांच्या मुलाच्या कानावर पडते, तेव्हा ते घरापर्यंत त्याच्या मागोमाग जाते. म्हणून ही तिन्ही वाक्ये जरा तपासून पाहू.

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात या प्रश्नाला एक निराळी बाजू आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून दीड-दोनशे किलोमीटरवर कर्जत-जामखेडकडे पाच-सहाशेवर समाधान मानावे लागते. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या या बहुतेक मुलखात पाऊस पाहुण्यासारखा येतो. शालेय सामने मात्र पावसाळ्यातच येतात. 1960 साली सुरू झालेल्या सुब्रतो मुखर्जी चषकाचेच पाहा ना. दिल्लीची अंतिम फेरी गाठायची तर आधी जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि खालच्या पायऱ्यांचे सामने ऐन पावसाळ्यात पडतात.

आता गंमत अशी, की जून-जुलैत नगरकडे पुष्कळदा नुसती भुरभुर असते. पोरांचा सराव होतो तो मुरमाच्या टणक मैदानावर. तिथे चेंडू उंच उसळतो आणि पाय घट्ट रोवतो. सामन्याच्या दिवशी सरीवर सर आली, किंवा संघ बाहेरगावी ओल्या मैदानावर उतरला, की सवय नसलेला खेळ खेळावा लागतो. काळ्या मातीचे तर विचारूच नका. ती पाणी पिऊन फुगते, बुटाला लगडते, आणि दहा मिनिटांत पायात बूट आहे की ढेकूळ, तेच कळेनासे होते.

पाणी चेंडूला काय करते? दोन अगदी उलट गोष्टी करते. गवतावर किंवा घट्ट मातीवर पाण्याचा पातळ थर असला, तर घर्षण कमी होते. टप्पा पडलेला चेंडू उसळण्याऐवजी सरपटत, वेगाने पुढे येतो. उलट पाणी साचून डबके झाले असले, तर तोच चेंडू थपकन जागच्या जागी थांबतो. चार पावलांच्या अंतरात हे दोन्ही प्रकार घडू शकतात. खेळाडूच्या पायांचेही तसेच. कोणत्या बाजूला वळायचे हे चेंडू घेऊन धावणाऱ्याला आधी ठाऊक असते. त्याला अडवणाऱ्याला मात्र ते पाहून मग वळावे लागते. ते अचानक वळणे निसरड्या जमिनीवर घात करते. प्रेक्षकाला वाटते, बचाव करणारा झोपला होता. तो झोपलेला नसतो, त्याचा पाय सुटलेला असतो.

गोलकीपरची स्थिती याहून कठीण. चेंडूचा टप्पा कुठे पडेल आणि किती उसळेल, याच्या अंदाजावर तो हात नेतो. ओल्या मैदानावर समोरच पडलेला चेंडू उसळत नाही, हाताखालून निसटतो. अंदाज बरोबर आला, तरी गुळगुळीत चेंडू बोटांतून सुटतो. फुटबॉलच्या नियमाप्रमाणे खेळ सुरू होताना चेंडूचे वजन 410 ते 450 ग्रॅम असावे लागते. जुन्या काळी चामड्याचा चेंडू पाणी शोषून खेळता खेळता जड होत असे. आताचा कृत्रिम आवरणाचा चेंडू तितके पाणी पीत नाही, पण तो निसरडा होतोच. म्हणून जाणते शिक्षक मुलांना सांगतात, की ओल्या दिवशी नुसत्या हातांवर भिस्त ठेवू नका, हातांच्या मागे अंग आणा. चेंडू धरता येत नसेल तर मुठीने बाजूला लोटा. हे ज्याला शिकवलेच नाही, त्या मुलाने चेंडू सोडला तर दोष एकट्या त्याचा कसा?

आता पहिल्या वाक्याकडे वळू. "पाऊस दोघांवर सारखाच पडतो," असे त्यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. 3 जुलै 1974 रोजी विश्वचषक स्पर्धेत फ्रँकफर्टला पोलंड आणि पश्चिम जर्मनी यांची गाठ पडली. सामन्याआधी इतका पाऊस झाला, की अग्निशामक दलाने पंप लावून मैदानातले पाणी काढले आणि खेळ उशिरा सुरू झाला. पोलंडची भिस्त लाटो आणि गादोखा या वेगवान खेळाडूंवर होती. डबक्यांत तो वेग अडकला. जर्मनीला बरोबरी चालणार होती, पोलंडला विजयच हवा होता. पोलंडचा गोलकीपर तोमाशेव्स्की याने पेनल्टीसुद्धा अडवली. तरी म्युलरच्या एका गोलाने पोलंड हरला. पाऊस दोघांवर पडला, पण ज्याला जिंकावे लागणार होते आणि ज्याचा खेळ धावण्याचा होता, त्याला तो जास्त बाधला. पोलंडमध्ये हा 'पाण्यातला सामना' म्हणून आजही आठवला जातो. पुढे तोच संघ ब्राझीलला हरवून तिसरा आला.

तथापि पावसाची तयारी करता येते, हेही तितकेच खरे. 4 जुलै 1954 रोजी बर्नला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसात झाला. हंगेरीने याच स्पर्धेत पश्चिम जर्मनीला 8-3 असे झोडपले होते, आणि अंतिम सामन्यातही पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल केले होते. शेवटी मात्र जर्मनी 3-2 ने जिंकली. जर्मन खेळाडूंच्या बुटांना काढता-घालता येणारे स्टड होते. जमीन ओली दिसताच लांब स्टड बसवले गेले. एवढ्यानेच सामना फिरला असे नव्हे. हंगेरीचा कर्णधार पुश्काश दुखऱ्या घोट्यानिशी खेळत होता. पण बुडापेस्टला रस्त्यावर उतरलेल्या संतप्त लोकांना असा हिशेब मांडायला सवड कुठली?

आपल्या देशानेही हा धडा गिरवला आहे. पूर्वी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर अनवाणी पायाची नजाकत काही और. चिखलात मात्र बूटवाला संघ भारी पडे. कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने ओल्या मैदानासाठी बूट वापरायला सुरुवात केली आणि 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे तिथली लीग जिंकली. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये थंडीत आपले कित्येक खेळाडू अनवाणीच उतरले. युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे हरवले. त्यानंतर मात्र बूट सक्तीचे झाले. त्या पराभवावर हळहळून कोणी थांबले नाही. त्यातून नियम निघाला.

तिसरे वाक्य पंचाविषयीचे. मैदान खेळण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पंचाचा. चेंडू ठिकठिकाणी टाकून आणि लोटून तो पाहतो. चेंडू उसळतच नसेल, पुढे सरकतच नसेल, किंवा खेळाडूंना इजा होण्याचा धोका असेल, तर सामना थांबवता येतो. विजा कडाडत असतील तर थांबवलाच पाहिजे. परंतु आपल्यावर गोल झाला म्हणून मैदान एकाएकी वाईट ठरत नाही. गोल होण्याआधी आपण पंचाला काय म्हणत होतो, हे प्रत्येकाने मनाशी आठवावे, म्हणजे झाले.

प्रेक्षकाचे मन असे का चालते, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांविषयी एक संशोधन प्रसिद्ध केले. आपला संघ जिंकला, की विद्यार्थी "आपण जिंकलो" म्हणत. हरला, की "ते हरले" म्हणण्याकडे त्यांचा कल असे. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? जिंकलो तेव्हा "आपला संघ", हरलो तेव्हा "या पोरांना काही येतच नाही." पावसाला दोष देणे त्यातल्या त्यात बरे, कारण पावसाला त्याचे काही वाटत नाही. गोलकीपरला वाटते.

शिवाय नगरच्या माणसाने पावसाला शिव्या तरी कशा द्याव्यात? ज्या सरीने सामना घालवला, तिच्याचकडे महिनाभर डोळे लावून कुणाची बाजरी उभी असते. मैदानावर छत्री घेऊन उभा असलेला बाप एकाच वेळी मुलाच्या संघासाठी हळहळतो आणि रानात ओल किती गेली असेल याचा अंदाजही घेतो. त्याला दोन्ही खरे वाटते, आणि दोन्ही खरेच आहे.

मग करायचे काय? खर्चाच्या मोठ्या योजना नकोत. शाळेचे मैदान मधोमध किंचित उंच ठेवावे आणि कडेने चर खणावा, म्हणजे पाणी साचत नाही. ज्या आठवड्यात पाऊस नाही, त्या आठवड्यातही चेंडू बादलीत बुडवून गोलकीपरकडून सराव करून घ्यावा. पिण्याला पाणी असेल तर एवढे पाणी निघेल. ओल्या दिवशी लांब सरपटी पासऐवजी चेंडू उचलून द्यावा, लांबून गोलवर मारावा, हे मुलांना आधीच सांगावे. आणि आपण प्रेक्षकांनी, सामना हरून मुले चिखलाने माखून बाहेर आली, की ज्याच्या हातून चेंडू सुटला त्याला आधी कोरडा टॉवेल द्यावा. सामन्याची चर्चा त्याचे डोके पुसून झाल्यावर करता येईल.