मॅकरिचीच्या जंगलातलं शोनान जिंजा

सिंगापूरच्या मॅकरिची तलावाच्या पश्चिम टोकाला, आखलेल्या पायवाटांपासून दूर, दाट जंगलात ग्रॅनाइटची एक दगडी डोण पडून आहे. देवापुढे हातपाय न धुता जावं हे आपल्याला जसं रुचत नाही, तसं जपान्यांनाही रुचत नाही. डोणीतलं पाणी पळीने घेऊन हात धुवायचे, चूळ भरायची, मगच पुढे. ही डोण त्याचसाठी होती. तिच्या पुढचं देऊळ मात्र नाही. थोड्या दगडी पायऱ्या, चौथऱ्याचे अवशेष आणि तलावाचं पाणी उतरलं की वर डोकावणारे लाकडी पुलाचे बुंधे, एवढंच उरलंय. देवळाचं नाव शोनान जिंजा.

अशा शिंतो देवस्थानाची सुरुवात तोरीपासून होते. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया. दाराची फळी नाही, कडीकुलूप नाही. तोरीच्या अलीकडे आपला संसार, पलीकडे देवाची हद्द. आत शिरताना वाकायचं आणि वाटेच्या मधोमध चालायचं नाही, कारण मधली जागा देवाची.

क्योतोच्या फुशिमी इनारीच्या डोंगरावर अशा शेंदरी तोरी एकीला एक लागून सुमारे दहा हजार उभ्या आहेत. देवस्थान इसवी सन ७११ चं. इनारी हा भाताचा आणि पुढे व्यापाराचाही देव. डोंगर चढताना नुसत्याच शेंदरी कमानी दिसतात. उतरताना मागे वळून पाहिलं की खांबांच्या पाठीवर काळी अक्षरं दिसू लागतात: देणाऱ्याचं नाव आणि तारीख. कुणी धंद्याला बरकत आली म्हणून दिली, कुणी यावी म्हणून. जेजुरीच्या पायऱ्यांवरच्या कमानी आणि दीपमाळा अशाच नवसाच्या, पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनी बांधलेल्या. फरक इतकाच की जेजुरीचा दगड टिकतो, तोरीचं लाकूड पावसापाण्यात बुडख्याशी कुजतं. मग ती उतरवतात आणि त्या जागी दुसऱ्या कुणाच्या नावाची उभी राहते. ही वाट एकदा बांधून संपलेली नाही. लोकांना ती हवी आहे तोवर चालू राहील.

इसेच्या महान देवस्थानात तर नवं करणं हाच धर्म आहे. अमातेरासू या सूर्यदेवीचं तिथलं मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ साली हे ६२ व्यांदा झालं. मंदिराकडे नेणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना ज्या तोरी आहेत, त्या जुन्या मंदिरांच्या आढ्याचा भार पेललेल्या खांबांपासून घडवतात. त्या खांबाचं देवळातलं काम संपलं की तो पुलावर येतो आणि येणाऱ्यांना आत घेतो. मला या सगळ्या परंपरेत ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

सिंगापुरात याच इसेची प्रतिकृती उभी करायचं ठरलं. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात जनरल पर्सिव्हलने शरणागती पत्करली. शरणागतीची जी कारणं होती त्यांत पाणी हे मोठं कारण होतं. तलाव जपान्यांच्या हाती गेले होते आणि शहरात फुटलेल्या नळांतून उरलंसुरलं वाहून जात होतं. शहराचं नाव शोनान झालं, घड्याळं तोक्योच्या वेळेला लावली गेली. पहिल्याच आठवड्यांत चिनी तरुणांना वेचून, ट्रकांत भरून किनाऱ्यांवर नेऊन गोळ्या घातल्या. आणि त्याच वर्षी मॅकरिचीच्या काठी अमातेरासूचं देऊळ बांधायला घेतलं.

बांधलं कुणी? ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांनी. जंगल तोडणं, वाट करणं, पाण्यावर पूल टाकणं, सगळं त्यांच्या अंगमेहनतीवर. १५ फेब्रुवारी १९४३ ला, विजयाच्या पहिल्या वाढदिवशी, देवळाचं उद्घाटन झालं.

दुसरं स्मारक बुकित बातोकच्या टेकडीवर होतं, शोनान चुरेइतो. तेही युद्धकैद्यांकडूनच बांधून घेतलेलं. लढाईत पडलेल्या जपानी सैनिकांच्या अस्थी तिथे ठेवल्या होत्या. त्याच्या मागे एक लाकडी क्रूसही उभा करू दिला होता, दोस्त सैन्याच्या मृतांसाठी. ती परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नाही, पण ज्यांनी दगड वाहिले त्यांना आपल्या मेलेल्या सोबत्यांपुढे मान लववायला जागा मिळाली, याचं मोल मी कमी मानत नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा ही दोन्ही स्मारकं ब्रिटिशांनी पाडली नाहीत. जपानी सैन्यानेच ती नष्ट केली. परतणारे ब्रिटिश देवळाची विटंबना करतील ही भीती. सेऊलमधलं चोसेन देवस्थानही जपान्यांनी असंच स्वतः उतरवलं. ब्रिटिशांनी परतल्यावर जे पाडलं ते वेगळं होतं: सिंगापूरच्या एस्प्लनेडवरचं आझाद हिंद सेनेचं स्मारक. नेताजींनी त्याची पायाभरणी ८ जुलै १९४५ ला केली होती. ते माउंटबॅटनच्या हुकमावरून उडवण्यात आलं. त्या जागी १९९५ साली खूण उभारली गेली, आणि सिंगापूरला गेलेल्या मराठी माणसाची पावलं तिकडे आपसूक वळतात.

शोनान जिंजा २००२ साली ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथे जायला रीतसर वाट मात्र नाही, आणि राखीव जंगलात वाट सोडून शिरणं नियमाविरुद्ध आहे. उलट गार्डन्स बाय द बेच्या काचघरात साकुराच्या बहरात शेंदरी तोरींची रांग मांडली जाते तेव्हा लोक त्यांच्याखाली हौसेने फोटो काढतात. त्यात वावगं काही नाही. नातवंडांना कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या चिनी आज्या त्या गर्दीत दिसतात, तेव्हा या शहराने किती मोठं मन केलं ते जाणवतं. पण या शहरात तोरी पहिल्यांदा काचघरात आली नाही, हेही त्या नातवंडांना कुणीतरी सांगायला हवं.

बुकित बातोकला त्यासाठी आजही जाता येतं. प्रवेशाचे दोन खांब शाबूत आहेत आणि १२० पायऱ्या. चढ सरळ आहे, दोन्ही बाजूंना झाडी, सकाळी व्यायामाला आलेली माणसं भरभर वर जातात. माथ्यावर प्रक्षेपणाचा मनोरा आणि कुंपण. पाहण्यासारखं काही नाही. पाहायच्या त्या पायऱ्याच.

मॅकरिचीलाही वर्षातून काही दिवस, जंगलाचं नुकसान न करता, जाणत्या माणसाच्या सोबतीने छोट्या तुकड्या न्याव्यात असं मला मनापासून वाटतं. वाटेवर फलक लावायचा झाला तर त्यावर देवळाच्या शैलीआधी, ते बांधणाऱ्या कैद्यांच्या पलटणींची नावं असावीत. फुशिमीत प्रत्येक खांबाच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव आहे. इथे ज्यांच्याकडून जुलमाने घेतलं, त्यांचं नाव लिहायचं काम अजून बाकी आहे.